डोळे गेल्यावर डोळे उघडून काय उपयोग?



गेल्या पंधरवड्यात आमच्या स्तंभासाठी एका भगिनीचे पत्र आले. पत्र चारच ओळींचे. ‘माझ्या आईला दोन वर्षांपासून कमी दिसते. शेजारच्या बायका सांगतात, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही. पिकल्याशिवाय ऑपरेशन होत नाही असे म्हणतात. आम्ही अजून किती दिवस थांबावे?’

हे पत्र वाचून आम्हाला त्या रात्री नीट झोप लागली नाही. कारण ‘पिकू द्या’ हा सल्ला आम्हीही एकदा दिला आहे, आणि ज्यांना तो दिला त्यांचा उजवा डोळा आज कायमचा गेला आहे. तेव्हा या भगिनीला उत्तर देताना आधी आमची चूक कबूल करतो. ती वाचून चार घरांतली माणसे वेळेवर डॉक्टरकडे गेली तर बरे.

दाजींची गोष्ट

आमचे थोरले दाजी एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले. काटक माणूस. आजारपण म्हणून कधी सुट्टी घेतली नाही. साठी उलटल्यावर मात्र घरात वावरताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला आपटू लागला. जिना उतरताना पायरी चुकू लागली. ताईने चहाचा कप उजव्या हाताशी ठेवला की तो त्यांना दिसत नसे. कोपर लागून चहा सांडे आणि ताई चिडे, “लक्ष कुठं असतं तुमचं?”

गंमत अशी, की समोरचे त्यांना दिसत होते. वर्तमानपत्राचे मथळे ते वाचत. समोरून येणाऱ्याला ओळखत. त्यामुळे डोळ्यांत काही मोठे बिघडले असेल असे कुणालाच वाटले नाही. एका रविवारी आम्ही गेलो असताना ताईने विषय काढला. आम्ही तोंडभरून सांगितले, “ताई, या वयात मोतीबिंदू होतोच. पिकू दे, मग ओळखीने ऑपरेशन करून घेऊ.” चार सभांत बोलणारा मेव्हणा. त्याचा शब्द घरात खाली कोण पडू देणार? दाजी थांबले. दीड वर्ष थांबले.

पुढे आमच्या वस्तीतील विहारात नेत्रतपासणी शिबिर भरले. सतरंज्या घालायला आम्ही, नावे लिहायला आम्ही. दाजी रांगेत बसले. डॉक्टरबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, बॅटरीने पाहिले आणि चिठ्ठी देऊन त्यांना त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे बाहुली मोठी करणारे थेंब टाकून आतली नस तपासली. मोतीबिंदू किरकोळ निघाला. खरा आजार काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नस जवळजवळ सुकून गेली होती, डाव्या डोळ्याची अर्धी. डॉक्टर म्हणाले, “गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती राखू.”

दाजी बाहेर बाकड्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “दुखलं असतं तर आधीच आलो नसतो का, भाऊ?”

दाजींच्या या एका वाक्यात डोळ्यांच्या आजाराचा सगळा धोका आला. दात दुखतो, पोट दुखते, माणूस डॉक्टर गाठतो. नजर नेणारे बरेचसे आजार मात्र दुखत नाहीत. शिवाय एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचे काम सांभाळून घेतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही.

मोतीबिंदू पिकवायचा कशाला?

डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते गढूळ झाले की मोतीबिंदू झाला. धुक्यातून पाहावे तसे दिसते, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. वय हे त्याचे मुख्य कारण. पण मधुमेह, विडी-सिगारेट, वर्षानुवर्षे उन्हातले काम, डोळ्याला लागलेला मार आणि स्टिरॉइडची औषधे यांमुळे तो लवकर येतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांतही त्याचे प्रमाण जास्त आढळले आहे.

आता ‘पिकण्या’विषयी. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. पूर्वी ऑपरेशनमध्ये अख्खे भिंग काढून टाकत. पिकलेले भिंग काढायला सोपे जाई. नंतर माणसाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर लावावा लागे. म्हणून थोडेफार दिसत असेल तोवर थांबण्यात शहाणपण होते. पण १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरने रुग्णाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले. महायुद्धात विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा बिघडत नाही, हे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आपल्याकडे हे भिंग सर्वसामान्यांपर्यंत पोचायला १९९०चे दशक उजाडले. आता लहानशा छेदातून ऑपरेशन होते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

म्हणून आजचा नियम सोपा आहे. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशनची वेळ झाली. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो, कधी आतल्या आत झिरपतो, डोळ्याचा दाब वाढवतो आणि बरा होणारा डोळा कायमचा घालवतो.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयांत त्याखाली हे ऑपरेशन मोफत होते. तरीही २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या पुढच्या दृष्टिहीनांपैकी शंभरातील सहासष्ट जण मोतीबिंदूमुळे दृष्टिहीन असल्याचे आढळले. ज्या आजारावर खात्रीचा उपाय आहे त्याच आजाराने सर्वांत जास्त माणसे अंधारात बसली आहेत!

काचबिंदू : चोरपावलांचा आजार

डोळ्याच्या आत एक प्रकारचे पाणी सतत तयार होते आणि सतत निचरून जाते. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दबून सुकू लागते. साधारणपणे हा दाब दहा ते एकवीस असतो. पण काहींची नस एवढ्या दाबातही सुकते. म्हणून दाब मोजणे पुरेसे नाही, नसही पाहावी लागते.

यात नजर आधी कडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. म्हणूनच दाजींना मथळे दिसत होते आणि कप दिसत नव्हता. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. थेंब, लेझर किंवा ऑपरेशन यांनी फक्त राहिलेली नजर वाचवता येते. घरबसल्या दोन्ही आजार सारखेच वाटतात, ‘म्हाताऱ्याला कमी दिसतं.’ फरक फक्त तपासणीत कळतो. आमची चूक नेमकी इथे झाली.

धोका कुणाला? चाळिशी ओलांडलेल्यांना, मधुमेह असलेल्यांना, मोठा उणे नंबर असलेल्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना, स्टिरॉइड घेणाऱ्यांना आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्या रक्ताच्या नात्यात काचबिंदू आहे त्यांना. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, “घरात आणखी कुणाची नजर गेली होती का?” तेव्हा दाजींना आठवले. गावाकडे त्यांच्या आई शेवटची सहा-सात वर्षे भिंत धरून चालत. सगळे म्हणत, म्हातारपण आहे. ते म्हातारपण होते की काचबिंदू, आता कोण सांगणार?

काचबिंदूचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. एकाएकी डोळा लाल होतो, ठणकतो, डोके फुटेल असे दुखते, उलटी होते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. याला पित्त समजून झोपून राहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

मूळ डोळ्यात नसते तेव्हा

डोळ्याच्या आजाराचे मूळ बऱ्याचदा रक्तात असते. साखर वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, फुटतात. सुरुवातीची काही वर्षे काहीही जाणवत नाही. एके सकाळी डोळ्यापुढे काळे जाळे दिसते, तोवर पडद्याचे बरेच नुकसान झालेले असते. बाबासाहेबांना १९४८ पासून मधुमेह होता आणि शेवटच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती, हे आपण सर्व जाणतो. त्या काळी पडद्यावरचे लेझर उपचार नव्हते. आज आहेत. तरीही आपली माणसे ‘गोड खात नाही, मग शुगर कशी?’ म्हणत बसतात. मधुमेह कळला त्याच महिन्यात डोळ्याचा मागचा पडदा तपासावा आणि मग दरवर्षी, दिसत असले तरी, तपासत राहावा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

वाढलेले ब्लडप्रेशरही मागच्या पडद्यातील शीर तुंबवू शकते आणि नजर एकाएकी जाते. विडी-सिगारेटने मोतीबिंदू तर येतोच, शिवाय उतारवयात पडद्याच्या मध्यभागाची झीजही वाढते. हातभट्टीची गोष्ट तर याहून भयंकर. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. अशा दारूत मिथेनॉल असते. त्याचे शरीरात जे आम्ल बनते ते डोळ्याची नस जाळते. जीव वाचला तरी नजर जाऊ शकते.

कामाच्या जागी आणि घरात

आपली माणसे हाताने काम करणारी. वेल्डिंग, ग्राइंडिंग, दगड फोडणे, ऊस तोडणे. वेल्डिंगची झळ लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. काळी काच दोन मिनिटांच्या कामालाही लावावी. हेल्परनेही लावावी. ग्राइंडरचा कण डोळ्यात रुतला तर सोबत्याने काडीने, रुमालाच्या टोकाने काढू नये.

शेतात उसाचे पाते किंवा भाताची लोंबी डोळ्याला लागते. जखम बारीक, पण तिच्यातून बुरशी शिरते, बुबुळावर जखम चिघळते आणि शेवटी फूल पडते. त्यावर मध, पाल्याचा रस, दूध, एरंडेल घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

घरात चुन्याची पुडी किंवा डबी मुलांच्या हाती लागू देऊ नये. दाबली की चुना थेट डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजते. असे झाले तर रडत दवाखान्यात धावण्याआधी नळाखाली, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा, मगच निघावे. डोळा वाचतो तो या पहिल्या पाण्यामुळे.

दुकानातून आणलेले थेंब

डोळा लाल झाला की आपण मेडिकलच्या दुकानात जातो आणि ‘डोळ्याचा ड्रॉप द्या’ म्हणतो. त्या बाटलीत स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत लाली जाते. आपण खूश! मग तीच बाटली शेजाऱ्याला, पोराला. पण महिनोन्महिने असे थेंब घातल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होतात, आणि बुबुळावर बुरशी असेल तर ती भडकते. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून मुलांना हे थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्या आयांनी विशेष ध्यान द्यावे.

क्षयाच्या औषधांविषयीही एक सूचना. त्यातील इथॅम्ब्युटॉल या गोळीने काही थोड्या रुग्णांच्या डोळ्याची नस दुखावते. लाल-हिरवा रंग फिका दिसू लागला, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. स्वतःच्या मनाने औषध मात्र बंद करू नये, नाहीतर क्षय बळावेल.

मुलांचे डोळे

मूल फळा दिसत नाही म्हणून सांगत नाही, कारण इतरांना किती दिसते हे त्याला ठाऊक नसते. मास्तर त्याला ढ म्हणतात, बाप मारतो, आणि खरी गरज चष्म्याची असते. तिरळा डोळा नशीबवान नसतो. तो वेळेवर दुरुस्त केला नाही तर मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणे सोडून देतो आणि मोठेपणी चष्म्यानेही तो सुधारत नाही. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये. तो डोळ्याचा कर्करोग असू शकतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा, म्हणजे चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा, पडदा जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यावा. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ वेळा मोफत मिळतो. एकही चुकवू नये. शेवग्याचा पाला, पपई, भोपळा, अंडे हे ताटात असू द्यावे. मुलांना दिवसाकाठी दोन तास उजेडात, मैदानात खेळू द्यावे. त्याने लांबचे न दिसण्याचा दोष कमी होतो. मोबाइल हाती दिल्याने उलटेच होते.

दोन गोष्टी आपल्या घरोघरच्या आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. एक, मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक. जवळच्या रक्ताच्या लग्नात दोघांकडचा एकच सुप्त दोष बाळात एकत्र येण्याची शक्यता वाढते. काही प्रकारचा जन्मजात काचबिंदू आणि पडदा सुकत जाणारा रातांधळेपणा असाच येतो. मामाची पोर हक्काची, हे बोलणे आता सोडून द्यावे. दुसरी, मुलीचा चष्मा. ‘चष्मेवालीला स्थळ मिळत नाही’ म्हणून चष्मा पेटीत ठेवायला लावणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. त्या मुलीची शाळा सुटते, डोके दुखते, भाजताना हात पोळतो. चष्म्यावरून मुलगी नाकारणारे घर आपल्या लेकीच्या लायकीचे नाही, असे आमचे स्वच्छ मत आहे.

एवढे तरी कराच

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने एक डोळा तळव्याने झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावे. मग दुसरा झाकून वाचावे. फरक वाटला तर डॉक्टरकडे जावे. फरक न वाटला तरी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळ्यांचा दाब आणि आतली नस तपासून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी. एकाएकी नजर गेली, डोळ्यापुढे ठिणग्या चमकल्या, पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी.

हिशेबाची भाषा आम्हाला जवळची. सरकारी रुग्णालयात तपासणीला एक दिवसाचा रोज बुडतो, हे खरे. पण कमावता माणूस आंधळा झाला तर त्याचा रोज जन्मभर बुडतो, आणि त्याला धरून चालवायला घरातले दुसरे माणूस, बहुधा शाळेतली मुलगी, घरी बसते. खर्चाच्या बाजूला हे दोन आकडे मांडून पाहा.

दाजींचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या मुलांनाही बोलावले. थोरला भाचा रिक्षा चालवतो. वय अडतीस. “मामा, मला लख्ख दिसतं, धंद्याचा दिवस कशाला घालवू?” म्हणून दोन महिने टाळत होता. शेवटी आम्ही त्याच्या रिक्षात बसलो आणि म्हणालो, “चल, भाडं देतो, रुग्णालयात ने.” त्याच्या दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलेला निघाला. नस मात्र शाबूत होती. आता तो रोज रात्री झोपण्यापूर्वी न चुकता थेंब घालतो. चुकला तर दाजी आठवण करतात. डाव्या डोळ्याने घड्याळ पाहून, हाक मारून.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे : एक दिवसही थांबू नका. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनने आई पुन्हा तुमचा चेहरा पाहील. काचबिंदू निघाला तर उरलेली नजर वाचेल. सोमवारी सकाळी आईला घेऊन निघा, आणि काय निघाले ते आम्हाला जरूर कळवा.